सेल्फ फिरतो, पण पद्मिनी सुरू होत नाही? पार्ट बदलण्याआधी करंट कुठे अडलाय ते असं शोधा

२९ ऑक्टोबर २००३ ला मुंबईच्या ताडदेव आरटीओमध्ये शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी झाली. टॅक्सीला वयाची मर्यादा २० वर्षांची. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत पद्मिनी टॅक्सी कायमची थांबली. त्या दिवशी सोशल मीडियावर फोटोंचा पूर आला होता.

टॅक्सी गेली, पण घरच्या पद्मिनी अजून आहेत. कुणाच्या वडिलांनी घेतलेली, कुणाच्या आजोबांची. सोसायटीच्या कोपऱ्यात किंवा चाळीमागच्या मोकळ्या जागेत, ताडपत्री टाकून उभ्या. यातल्या बऱ्याच गाड्यांची गोष्ट सारखीच असते. एक दिवस सुरू झाली नाही. मेकॅनिकने प्लग बदलले, मग कॉइल बदलली, मग कार्बोरेटर उघडला. पैसे गेले, गाडी काही सुरू झाली नाही. शेवटी कुणीतरी म्हणालं, "इंजिन गेलंय, भंगारात काढा."

अनेकदा इंजिन ठणठणीत असतं. अडलेली असते ती एक ठिणगी. आणि ती कुठे अडली हे शोधायला महागडं मशीन लागत नाही. एक टेस्ट लॅम्प, एक प्लग पाना, थोडा पॉलिश पेपर आणि योग्य क्रम एवढं पुरतं.

ही गाडी नेमकी कोणती?

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली. तिचा कारखाना मुंबईत कुर्ल्याला होता. इटलीच्या फियाटची ११०० ही गाडी इथे तयार व्हायची. १९६४ मध्ये तिचं '११०० डिलाइट' हे रूप आलं. पुढे नाव बदलून 'प्रीमियर प्रेसिडेंट' झालं आणि १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी'. लोक मात्र शेवटपर्यंत तिला 'फियाट'च म्हणत राहिले.

इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं, कार्बोरेटरवालं. ना कॉम्प्युटर, ना सेन्सर. त्यामुळे गाडी बिघडली की स्कॅनर लावून काही कळत नाही. पण प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो आणि हाताने तपासता येतो, हा मोठा फायदा आहे. खाली दिलेली पद्धत पद्मिनीसाठी आहे. पॉइंटवाल्या जुन्या अॅम्बेसेडरला किंवा तशाच इतर पेट्रोल गाड्यांनाही तोच क्रम लागू पडतो.

आधी समजून घ्या, करंट तयार होतो कसा?

कोणत्याही पेट्रोल इंजिनाला तीन गोष्टी लागतात. पेट्रोल आणि हवेचं योग्य मिश्रण, ते दाबलं जाणं म्हणजे कॉम्प्रेशन, आणि बरोबर वेळी ठिणगी. यातलं एक जरी नसेल तरी इंजिन नुसतं फिरत राहतं.

ठिणगीचा प्रवास असा असतो. बॅटरीचे १२ व्होल्ट चावीच्या स्विचमधून कॉइलकडे जातात. कॉइलमधून वीज 'पॉइंट'मधून जाऊन बॉडीला, म्हणजे अर्थला मिळते. पॉइंट म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधले दोन छोटे धातूचे ठिपके. ते मिटलेले असताना कॉइलमध्ये चुंबकीय क्षेत्र तयार होतं. पॉइंट उघडले की ते क्षेत्र एकदम कोसळतं आणि कॉइलच्या दुसऱ्या बाजूला हजारो व्होल्टचा झटका तयार होतो. तो कॉइलच्या मधल्या जाड वायरने डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत येतो. आतला फिरता रोटर तो एकेका प्लगकडे पाठवतो.

पॉइंटला जोडलेला एक छोटा डबीसारखा भाग असतो, तो कंडेन्सर. पॉइंट उघडताना तिथेच ठिणगी पडून पॉइंट जळू नयेत, हे त्याचं काम.

इंजिन मिनिटाला ३००० फेरे फिरत असेल तर चार सिलिंडरला मिळून सेकंदाला १०० ठिणग्या लागतात. म्हणजे हे पॉइंट सेकंदाला १०० वेळा उघडतात आणि मिटतात. ते झिजणारच.

ही पद्धत अमेरिकेच्या चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केली आणि १९१० च्या कॅडिलॅक गाड्यांत ती आली. त्यांच्या कंपनीचं नाव होतं डेल्को. आपल्याकडचे जुने मेकॅनिक डिस्ट्रिब्युटरला आजही 'डेल्को'च म्हणतात.

हात लावण्याआधी एवढं पाळा

- गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, हँडब्रेक ओढा, चाकामागे वीट लावा.
- पेट्रोलचा वास येत असेल तर ठिणगीची तपासणी करूच नका. आधी गळती शोधा आणि वास जाऊ द्या.
- प्लगच्या वायरचा झटका जोरदार बसतो. वायर इन्सुलेशन असलेल्या पकडीनेच धरा. पेसमेकर असलेल्या व्यक्तीने हे काम करू नये.
- इंजिन बंद असताना चावी 'ऑन' करून ठेवू नका. पॉइंट मिटलेले असतील तर कॉइल तापते आणि खराब होऊ शकते.
- सेल्फ एका वेळी पाच-सात सेकंदच मारा. मग अर्धा मिनिट थांबा.
- मोबाईलवर बोनेटखालचे फोटो काढून ठेवा. कोणती वायर कुठे होती हे नंतर आठवत नाही.

पायरी १ : सेल्फ मारा आणि ऐका

निम्मं निदान इथेच होतं.

*'टक' एवढाच आवाज किंवा काहीच नाही :* हा इग्निशनचा नाही, बॅटरीचा किंवा सेल्फचा प्रश्न आहे. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी असेल तर ती साफ करा आणि टोकं घट्ट करा. इंजिन आणि बॉडी जोडणारी अर्थची पट्टीही बघा. जुन्या गाड्यांत ती गंजलेली सापडते.

*इंजिन रेंगाळत फिरतं :* बॅटरी कमजोर आहे. पूर्ण चार्ज बॅटरी मल्टिमीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली गेला तर ठिणगीलाही पुरेशी वीज मिळत नाही. अशा वेळी प्लग आणि कॉइल चांगले असूनही गाडी सुरू होत नाही.

*इंजिन जोरात फिरतं, पण पेटत नाही :* पुढच्या सगळ्या पायऱ्या याच गाडीसाठी आहेत.

धक्का मारून बघणारे खूप असतात. त्यातूनही माहिती मिळते. धक्क्याने लगेच सुरू झाली तर इग्निशन बहुधा चांगलं आहे आणि संशय बॅटरीवर किंवा सेल्फवर जातो. दोन गल्ल्या ढकलूनही सुरू झाली नाही तर ढकलणं थांबवा. ठिणगीच नसेल तर गाडी कल्याणपर्यंत ढकलली तरी सुरू होणार नाही.

पायरी २ : एक प्लग काढून बघा

प्लग काढला की त्याचं टोक बघा, वास घ्या.

- ओला, पेट्रोलचा वास : पेट्रोल येतंय. ठिणगी नाही, किंवा चोक जास्त ओढून इंजिन 'फ्लड' झालंय.
- कोरडा : पेट्रोलच पोचत नाही. टाकी, पाइप, पंप, कार्बोरेटर तपासा.
- काळा, काजळी धरलेला : मिश्रणात पेट्रोल जास्त, किंवा ठिणगी कमजोर.

फ्लड झालं असेल तर चोक आत ढकला, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि सेल्फ मारा. पाय खाली-वर करू नका. प्रत्येक वेळी पाय दाबला की कार्बोरेटर आणखी पेट्रोल टाकतो.

पायरी ३ : सगळ्यात महत्त्वाची तपासणी

प्लगची तपासणी करण्याआधी पायरी २ मध्ये काढलेला प्लग परत बसवा. प्लगच्या उघड्या भोकातून बाहेर येणारी पेट्रोलची वाफ ठिणगीने पेटू शकते.

आता डिस्ट्रिब्युटरच्या टोपीच्या मध्यभागी येणारी जाड वायर टोपीतून काढा. ही कॉइलकडून आलेली वायर. तिचं टोक इंजिनच्या स्वच्छ धातूपासून पाच-सहा मिलिमीटरवर, कार्बोरेटरपासून लांब धरा. दुसऱ्या कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा.

निळसर-पांढरी, 'टक-टक' आवाज करणारी ठिणगी दिसली तर कॉइल, पॉइंट, कंडेन्सर चांगले आहेत. बिघाड पुढे आहे, म्हणजे टोपी, रोटर, वायर किंवा प्लगमध्ये. पायरी ५ कडे जा.

ठिणगी नाही, किंवा पिवळी, मरगळलेली ठिणगी दिसली तर बिघाड अलीकडे आहे. पायरी ४ कडे जा.

या एका तपासणीने संशयितांची यादी निम्मी होते. मेकॅनिकने ही न करता थेट पार्ट बदलायला घेतले तर तो अंदाजाने काम करतोय असं समजा.

पायरी ४ : कॉइलमधूनच ठिणगी नाही

इथे १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प लागतो. त्याची एक वायर बॉडीला लावा.

*आधी कॉइलचं चावीकडून येणारं टोक :* चावी ऑन केल्यावर लॅम्प लागला पाहिजे. लागला नाही तर कॉइलपर्यंत वीजच येत नाही. चावीचा स्विच, त्याच्या मागची वायर, सुटलेलं कनेक्शन बघा. बॅटरीच्या प्लसपासून कॉइलच्या या टोकाला तात्पुरती वायर जोडून सेल्फ मारला आणि गाडी सुरू झाली, तर गुन्हेगार स्विच किंवा वायरिंग. अशी सुरू केलेली गाडी चावीने बंद होणार नाही, ती वायर काढावी लागेल, हे लक्षात ठेवा.

*मग कॉइलचं डिस्ट्रिब्युटरकडे जाणारं टोक :* सेल्फ मारताना लॅम्प लुकलुकला पाहिजे. इथे तीन शक्यता आहेत.

- लुकलुकतो : पॉइंट उघडमीट करतायत. तरी ठिणगी नसेल तर कंडेन्सर किंवा कॉइलवर संशय.
- सतत लागलेला राहतो : पॉइंट मिटत नाहीत किंवा मिटूनही वीज जात नाही. त्यांच्यावर थर बसलाय, गॅप फार वाढलाय किंवा आतली वायर तुटलीय.
- लागतच नाही : पॉइंट उघडत नाहीत, वायर कुठेतरी बॉडीला टेकलीय, कंडेन्सर शॉर्ट झालाय किंवा कॉइल आतून तुटलीय.

महिनोन्महिने उभ्या असलेल्या गाडीत पॉइंटवर राखाडी थर बसणं हे नेहमीचं कारण आहे. ठिपके दिसायला ठीक वाटतात, पण त्यातून वीज जात नाही. बारीक पॉलिश पेपरने ते हलकेच घासा. मग कोऱ्या जाड कागदाची पट्टी पॉइंटमध्ये धरून ओढा, म्हणजे धूळ आणि तेलकटपणा निघेल. फीलर गेजने गॅप तपासा. तो पॉइंट पूर्ण उघडे असताना साधारण ०.४ मिलिमीटर असतो, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. पॉइंटवर खड्डे किंवा निळे-काळे चट्टे असतील तर पॉइंटसोबत कंडेन्सरही बदला. नुसते पॉइंट बदलले तर खराब कंडेन्सर नवे पॉइंटही जाळून टाकतो.

पायरी ५ : कॉइलपासून ठिणगी आहे, प्लगला नाही

टोपीचे क्लिप काढून ती उलटी करा आणि उजेडात बघा.

- आतून ओलावा आहे का?
- पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ आहे का? तो तडा असतो. वीज तिथून पळून बॉडीला जाते. अशी टोपी बदलावीच लागते.
- मधला छोटा कार्बनचा ठिपका जागेवर आहे का? तो झिजला किंवा पडला तर रोटरला वीज मिळत नाही.
- रोटर फुटलाय का, त्याची पट्टी जळलीय का?

प्लगच्या वायर कडक होऊन चिरल्या असतील तर रात्री अंधारात सेल्फ मारून बघा. जिथे वीज गळते तिथे बारीक निळ्या ठिणग्या दिसतात.

वायर काढताना एकेकच काढा, नंबर लिहून चिकटपट्टी लावा. या इंजिनचा फायरिंगचा क्रम १-३-४-२ आहे. दोन वायरची अदलाबदल झाली तर सगळे पार्ट नवे असूनही गाडी सुरू होणार नाही, उलट कार्बोरेटरमधून फटाका फुटल्यासारखा आवाज येईल.

प्लगचा गॅप साधारण ०.६ ते ०.७ मिलिमीटर. त्या काळी भारतात 'मायको' हा प्लगचा घरोघरी माहीत असलेला ब्रँड होता. ती कंपनी २००८ मध्ये बॉश लिमिटेड झाली. जुन्या डब्यावरचं नाव दुकानात मिळालं नाही तर घाबरू नका, प्लगचा नंबर आणि उष्णतेची रेंज जुळणं महत्त्वाचं.

ठिणगी आहे, पेट्रोल आहे, तरी सुरू होत नाही?

मग प्रश्न वेळेचा, म्हणजे टायमिंगचा. डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट सैल झाला तर तो थोडा फिरतो आणि ठिणगी चुकीच्या क्षणी पडते. खूण अशी की सेल्फ मारताना इंजिन मागे धक्का देतं किंवा सायलेन्सरमधून फटाके येतात. हे काम टायमिंग जमणाऱ्या माणसाकडूनच करून घ्या. टायमिंगही बरोबर असेल तर कॉम्प्रेशन तपासायचं. 'इंजिन गेलं' हा निष्कर्ष काढायची पाळी इथे येते, त्याआधी नाही.

मोहन्यासारख्या नदीकाठच्या गावात वेगळं काय?

कल्याणजवळचं मोहने उल्हास नदीच्या काठावर आहे, जवळचं स्टेशन आंबिवली. अशा ठिकाणी पावसाळ्यात हवेत दमटपणा भरपूर. संध्याकाळी चांगली चाललेली गाडी सकाळी हटून बसते आणि दुपारी ऊन पडलं की आपोआप सुरू होते. हे लक्षण जवळजवळ नेहमी ओलाव्याचं असतं. टोपी काढून आतून-बाहेरून कोरड्या सुती कापडाने पुसा, प्लगच्या वायर आणि कॉइलचं टोकही पुसा. हेअर ड्रायरची गरम हवा चालते. एवढ्यावर गाडी सुरू झाली तर काहीही बदलू नका, फक्त टोपीला तडा नाही ना ते बघा.

दुसरी खबरदारी ताडपत्रीची. प्लास्टिकची ताडपत्री जमिनीपर्यंत घट्ट बांधली की ओलावा आत कोंडतो. खालून हवा खेळती ठेवा.

आणि पुराचा विषय वेगळाच. २६ जुलै २००५ आणि जुलै २०१९ चा उल्हासचा पूर या पट्ट्याला चांगला आठवतो. बोनेटपर्यंत पाणी चढलेल्या गाडीला सेल्फ मारूच नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी बॅटरी सोडवा, ऑइलची काडी बघा. ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी आत गेलंय. प्लग काढून पाणी बाहेर काढल्याशिवाय आणि ऑइल बदलल्याशिवाय पुढे जाऊ नका. यात घाई केली तर ठिणगीच्या छोट्या दुरुस्तीचं इंजिनच्या मोठ्या दुरुस्तीत रूपांतर होतं.

चालता चालता बंद पडते, अर्ध्या तासाने सुरू होते

मोहन्याहून शहाडमार्गे कल्याणला जाताना ट्रॅफिकमध्ये गाडी तापते आणि बंद पडते. थंड झाली की जणू काही झालंच नाही. इथे दोन संशयित आहेत. एक, तापल्यावर दगा देणारी कॉइल किंवा कंडेन्सर. दोन, पेट्रोलच्या पाइपमध्ये वाफ होऊन पेट्रोल अडणं.

फरक ओळखायचा तर बंद पडल्या क्षणीच पायरी ३ ची तपासणी करा. ठिणगी नसेल तर कॉइल-कंडेन्सर, ठिणगी जोरदार असेल तर पेट्रोल. थंड झाल्यावर तपासून काही कळत नाही, कारण तेव्हा दोन्ही चांगलेच असतात. गॅरेजमध्ये "इथे तर व्यवस्थित चालतेय" हे उत्तर मिळतं ते यामुळेच.

नव्या पेट्रोलचाही हात असू शकतो

आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं आणि जुन्या प्रकारच्या रबराला त्रास देतं. पद्मिनीचे पाइप आणि पंपाचा पडदा या पेट्रोलसाठी बनलेले नव्हते. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकीतलं पेट्रोल जुनं होऊ देऊ नका आणि रबरी पाइप इथेनॉलला टिकणाऱ्या प्रकारचे टाकून घ्या. रबराचे कण कार्बोरेटरच्या जेटमध्ये अडकले तर लक्षणं इग्निशनसारखीच दिसतात.

मेकॅनिककडे जाताना काय सांगायचं?

पॉइंट लावता येणारे हात कमी होत चाललेत. तिशीतल्या अनेक मेकॅनिकनी पॉइंटवाली गाडी शिकतानाही पाहिलेली नसते, तो त्यांचा दोष नाही. म्हणून "सुरू होत नाही" एवढंच सांगू नका. असं सांगा : "सेल्फ जोरात फिरतो, प्लग ओला आहे, कॉइलच्या मधल्या वायरला ठिणगी नाही, कॉइलला १२ व्होल्ट येतायत." या एका वाक्याने तुमचे अर्धे पैसे वाचतात. बदललेले जुने पार्ट परत मागून घ्या. चालू स्थितीतला जुना कंडेन्सर अडीअडचणीला उपयोगी पडतो.

पार्टसाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड अजूनही अनेकांचा पहिला पत्ता आहे. पॉइंट, कंडेन्सर, रोटर हे तुलनेने स्वस्त भाग. एकेक जादा संच डिकीत ठेवा. पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं किट बसवता येतं आणि त्याने देखभाल कमी होते, पण मूळ पॉइंट, कंडेन्सर, प्लेट पिशवीत घालून जपून ठेवा.

मूळ इंजिन जपायचं आणखी एक कारण

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये विंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम अधिसूचित केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून जास्त काळ झालेल्या, खासगी वापरातल्या दुचाकी आणि चारचाकींना 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळू शकतो. नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये, मुदत १० वर्षं, नूतनीकरण ५ हजार रुपये. अशी गाडी रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी नसते. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, देखभाल अशा कामांपुरतीच ती रस्त्यावर आणता येते.

अट महत्त्वाची आहे. गाडी मूळ रूपात हवी, चॅसी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा बदल नको. १९७४ च्या पहिल्या पद्मिनींनी २०२४ मध्ये पन्नाशी गाठली, पुढच्या वर्षांच्या गाड्या रांगेत आहेत. म्हणजे ज्या गाडीचं इंजिन कुणी आज 'गेलं' म्हणून दुसरंच टाकेल, ती उद्या या दर्जाला मुकू शकते. आणि भंगारात गेलेली तर परत येतच नाही.

म्हणून निर्णय घेण्याआधी रविवारची एक सकाळ द्या. ऐका, प्लग बघा, मधल्या वायरची ठिणगी बघा, मग पॉइंट. अनेक गाड्यांच्या बाबतीत उत्तर त्या टोपीखालीच सापडतं.